तोरिकाची छत्री

ओधवजींच्या दुकानात वस्तू मिळायच्या सगळ्या, पण त्या मेरेसेइनीच्या हातून सुटायला हव्यात. जुन्या पद्धतीचं दुकान. माल सगळा काउंटरच्या मागे, गिऱ्हाईक काउंटरच्या पुढे, आणि मधे ही बाई, कोपरं टेकून, केसांत लाल जास्वंद खोचून, बोटीची वाट बघत असल्यासारखी बाहेर समुद्राकडे बघत. तुम्ही "बुला" म्हणायचं, म्हणजे नमस्कार. ती ऐकायची, पण ऐकल्याचं दाखवायची नाही. दुसऱ्यांदा म्हणायचं. मग ती मान वळवायची आणि तुम्ही काय मागणार हे कळायच्या आत म्हणायची, "संपलंय."

रॉकेल मागायला आलेल्याला "संपलंय" म्हणताना काउंटरच्या टोकाच्या पिंपातून रॉकेल टपटपत असायचं. पाद्र्यांच्या बायकोनं एकदा सुई मागितली, तर हिनं दारातून बाहेर डोकावून विचारलं, "बायबलातला उंट कुठं बांधलात?" पाद्रीणबाई तीन महिने फाटके हातरुमाल वापरत होत्या. एका कोळ्यानं मटणाचा डबा मागितला. "कालच नेलास ना?" ती म्हणाली. "एवढ्यात संपवलास? मग आज पोटाला सुट्टी दे." आणि दिला नाही. त्याच्या बायकोनं शेवटी घरी येऊन त्यालाच धुतलं, की बाईमाणसाकडून एक डबा आणता येत नाही तर समुद्रावर कशाला जातोस.

आता तुम्ही म्हणाल, असल्या बाईला ओधवजींनी ठेवलं कशाला? अहो, ओधवजी काठेवाडचे. त्यांच्या आज्यानं या बंदरात पहिलं दुकान टाकलं. त्यांनी भिंतीवर पाटी लावली होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही', आणि पाटी वाचून न ऐकणाऱ्यांसाठी पाटीखाली मेरेसेइनी उभी केली होती. गळकी किटली, एकाच पायाचे दोन बूट, पेटत नसलेली बॅटरी घेऊन कुणी आलं, की शेठ आतल्या खोलीत जेवायला बसायचे. दिवसातून कितीही वेळा. बाकीचं मेरेसेइनी बघायची.

पण ही बाई मनानं दुष्ट होती असं बंदरात कुणीच म्हणायचं नाही. तिचं गाव वुनिदाकुआ, डोंगरातलं. तिथली माणसं जन्मतःच तोंडाळ. आणि त्या गावाचं तउवू गाव म्हणजे बेटाच्या पलीकडचं तोबालेवू. तउवू म्हणजे एकाच मूळ पुरुषाची दोन गावं. अशी दोन गावं समोरासमोर आली की एकमेकांना शिव्या घालायच्या, बापजाद्यांचा उद्धार करायचा, हातातली वस्तू पळवायची. समोरच्यानं रागवायचं नाही. उलट सव्वापट परत द्यायची. जो तउवूला शिवी देत नाही त्याला तउवूची किंमत नाही, असं वुनिदाकुआत आईच्या दुधाबरोबर शिकवतात.

तोबालेवूची लाँच दर शनिवारी यायची. एका शनिवारी तिथल्या बायकांबरोबर एक नवी बाई दुकानात शिरली. उंच, सावळी, कमरेवर टोपली. काउंटरच्या टोकाला, रॉकेलच्या पिंपाशी, सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

"ही कोण गं?" मेरेसेइनीनं विचारलं.

"आमची तोरिका. आमच्या इलाइतियाच्या घरची."

झालं. मेरेसेइनीचा चेहरा दिव्यासारखा पेटला. "तोबालेवूची होय! तरीच म्हटलं, सकाळपासून कुजक्या माशाचा वास कुठून येतोय!"

दुकान खदखदून हसलं. तोरिकानं खाली बघितलं. तिला दोरा हवा होता. तो घेतला, "विनाका" असे आभार मानले आणि गेली.

तेव्हापासून ते दोघींचं ठरूनच गेलं. शनिवार आला की तोरिका पिंपाशी. मेरेसेइनी तिला सगळ्यात शेवटी बघायची आणि सगळ्यात मोठ्या आवाजात बोलायची. "आली का खारट पाण्यातली राणी!" "साबण? तुझ्या गावात आंघोळ सुरू झाली की काय?" "हळू उचल टोपली, तोबालेवूची माणसं वाऱ्यानं उडतात." लोक खास शनिवारी दुकानात यायचे, काही घ्यायचं नसलं तरी. आणि एक गोष्ट बंदरातल्या कुणालाच ठाऊक नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी दुकान झाडताना मेरेसेइनी उद्याचं वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवायची, मनासारखं जमलं की एकटीच हसायची. तिला ना नवरा, ना पोर. तिच्या आठवड्याला एकच सण होता.

तोरिका मात्र कधी उलट बोलली नाही. "विनाका" म्हणायची आणि जायची. हे चमत्कारिक होतं. तउवू आणि गप्प? मेरेसेइनीला वाटायचं, लाजरी आहे, एक दिवस फुटेल, आणि मग अशी काही बोलेल की दुकानाचं छप्पर उडेल. त्या दिवसाची ती वाट बघत होती.

मग छत्री आली.

एका बुडत्या जहाजावरून वाचवलेल्या मालात ओधवजींनी छत्र्यांचं एक खोकं स्वस्तात उचललं. काळं कापड, वाकड्या लाकडी मुठी. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेला माल. तोरिकानं एक घेतली. पुढच्या शनिवारी परत आणली आणि काउंटरवर ठेवली.

"उघडत नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

"उघडत नाही?" मेरेसेइनीनं छत्री तिच्या तोंडाशेजारी धरून दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "तुझ्यावरच गेलीय गं! हिचंही तोंड उघडत नाही, तुझंही उघडत नाही. मायलेकी शोभता!"

त्या दिवशी हसून हसून एका म्हाताऱ्याची कवळी पिठाच्या पोत्यात पडली. तोरिका छत्री घेऊन परत गेली.

पुढच्या शनिवारी पुन्हा. "छत्री," ती म्हणाली.

"आज नाही. शेठ जेवतायत. शनिवारी ये."

त्याच्या पुढच्या शनिवारी, "छत्री."

"आणि शनिवारीच आलीस? शनिवारी आम्ही परतीचा माल बघत नाही. सोमवारी ये." लाँच फक्त शनिवारी येते हे दुकानातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पुन्हा हशा.

मग तो शनिवार. सकाळपासून पाऊस कोसळत होता. आमच्या बंदरात पावसाचं कौतुक नाही, पण त्या दिवशी धक्का दिसत नव्हता. तोरिका आली ती निथळत, छातीशी छत्री धरून. न उघडणारी छत्री पावसात कोरडी राहावी म्हणून धरावी तशी. खोकत होती. पिंपाखाली तिच्या अंगाच्या पाण्याचं तळं झालं. तिनं छत्री काउंटरवर ठेवली.

मेरेसेइनीचं वाक्य तयार होतं. "पुन्हा आणलीस? अगं, लग्न लावून दिलंय तुमचं. आता नांदव तिला!"

लोक हसले. तोरिकानं मान वर केली आणि पहिल्यांदा मेरेसेइनीच्या डोळ्यांत बघितलं.

"असू दे इथंच," ती म्हणाली. विनाका म्हणाली नाही. वळली आणि पावसात गेली.

"अगं, माहेरी ठेवून चाललीस होय?" मेरेसेइनीनं मागून हाक दिली. लोक पुन्हा हसले, पण जरा कमी. तिनं छत्री काउंटरवरच्या उंच आकड्याला अडकवली. पुढच्या शनिवारी काढून द्यायची, आणि या वेळी खरंच बदलून द्यायची, असं तिच्या मनात होतं. असं ती पुढं सांगायची तरी.

पुढच्या शनिवारी लाँचमधून तोरिका उतरली नाही. तोबालेवूच्या एका बाईनं काळं कापड मागितलं.

"कुणाचं गं?"

"तोरिकाचं. छातीत पाणी झालं. सोमवारी पुरायचंय, तिची माणसं यायची आहेत."

मेरेसेइनी पोत्यावर बसून रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. कारण तउवू मेला की नुसतं रडून भागत नाही. तउवूनं मयताला जाऊन दंगा करायचा असतो. वाट अडवायची, जेवण पळवायचं, रडणाऱ्यांना हसवून सोडायचं. ते हसणं म्हणजेच मान. त्याच लाँचनं ती पलीकडे गेली. सोमवारी तिनं तोंडाला काजळी फासली, ओधवजींचा जुना कोट उलटा घातला, कमरेला दोर गुंडाळला आणि तोबालेवूच्या टेकडीवर शवपेटीच्या वाटेत आडवी बसली.

"आज नाही!" ती ओरडली. "शेठ जेवतायत! शनिवारी या!"

कुणी हसलं नाही. दोनचार पोरं खुसखुसली, त्यांना कुणीतरी चापट मारली. पेटी खांद्यांवर तशीच थांबली. पेटीमागे चटया घेऊन अनोळखी माणसं उभी होती. त्यांचे चेहरे असे, की मेरेसेइनीच्या गालावरची काजळी गार पडली.

इलाइतियाची बहीण लितिया पुढं आली. वाकून तिच्या कानात म्हणाली, "ऊठ, पोरी. ही आमची सून होती. लाऊकडच्या पार टोकाच्या बेटावरची. तुझी तउवू नव्हती. ही तिची माहेरची माणसं आहेत."

मेरेसेइनी उठली. दोर पायात अडकला, तो कुणीतरी सोडवला. पेटी पुढं गेली.

काय झालं ते नीट समजून घ्या. सासर तोबालेवूचं, म्हणून हिनं धरलं तीही तोबालेवूची. पण तउवूपण रक्तातून येतं, लग्नातून नाही. मग इतके शनिवार त्या पिंपाशी उभ्या राहिलेल्या बाईला जे बोललं गेलं ते काय होतं? तउवूला दिलेली शिवी म्हणजे मिठी. परक्याला दिलेली शिवी म्हणजे शिवी. परक्या गावात आलेली एक बाई दोरा, साबण, छत्री मागायला यायची, आणि दुकानदारीण चारचौघांत तिचे वाभाडे काढायची. बस, एवढंच होतं ते.

पुढच्या शनिवारी पिंपाखाली पाण्याचं तळं होतं.

"रॉकेल गळतंय," ओधवजी म्हणाले. मेरेसेइनीनं बोट बुडवून वास घेतला. रॉकेल नव्हतं. पाऊसही नव्हता. तिनं पुसलं. दुपारी पुन्हा होतं. त्या टोकाला कुणी उभं राहीना. दुकान कितीही भरलं तरी तेवढी एक माणसाची जागा मोकळी राहायची, आणि कुणी ठरवून सोडली असं दिसायचं नाही.

मग भर दुपारी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, वर आकड्याला 'फट्ट' असा आवाज झाला. छत्री उघडली होती. आपली आपण. काळ्या वटवाघळासारखी सगळ्यांच्या डोक्यावर.

पाद्रीणबाई प्रार्थना म्हणायला लागल्या. एकजण मटणाचे डबे तसेच टाकून पळाला. ओधवजी हातातला घास घेऊनच आतून आले. "स्प्रिंग आहे," ते म्हणाले. "गंजलेली. सुटली. माल वाईट नाही." त्यांनी ती मिटायचा प्रयत्न केला. मिटेना. मग ते पुन्हा जेवायला गेले.

त्या दिवसापासून मेरेसेइनी गोड बोलायला लागली. बंदर खरं घाबरलं ते तेव्हा.

"या, बसा," ती म्हणायची. "काय हवंय आपल्याला?" पाद्रीणबाईंना तिनं सुईत दोरा ओवून दिला, तर त्यांनी ती सुई घरी नेऊन दाराबाहेर ठेवली. कोळ्याला न मागता मटणाचा डबा मिळाला. त्यानं बायकोला सांगितलं, "ती मरणार आहे. नाहीतर आपण." परतीचा माल ती बिनबोभाट घ्यायला लागली. बातमी फुटायला वेळ लागला नाही. आज्यांच्या काळातल्या किटल्या, उंदरांनी खाल्लेले बूट, कधी न पेटलेल्या बॅटऱ्या, सगळ्या बेटाचं भंगार काउंटरवर येऊन पडलं. ओधवजींनी डोक्याला हात लावला. "मेरे, तू आजारी आहेस का? एकदा तरी कुणाला शिवी दे, बाई!"

आणि सगळ्यांचं झालं, की ती पिंपाच्या टोकाकडे वळायची. तिथं कुणी नसायचं. अदबीनं विचारायची, "तुम्हाला काय हवंय?" मग ऐकत असल्यासारखी थांबायची. लोक दाराकडे सरकायचे.

तिला एवढंच हवं होतं. तोरिका रागावून गेली का, हे कुणीतरी सांगावं. रागावली असेल तर माफी मागायची तिची तयारी होती. आमच्याकडे त्याची रीत आहे. यांगोनाच्या, म्हणजे मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळ्यांची जुडी घेऊन, बोलणारा पुरुष बरोबर घेऊन जायचं, दाराबाहेर बसायचं, आत बोलावीपर्यंत. ती वुनिदाकुआला गेली, मामांना म्हणाली, चला. मामा पोट धरून हसले. "तोबालेवूची माफी? तउवूची? अगं, पुढच्या सात पिढ्या आपल्याला हसतील!"

तेव्हा ती एकटीच निघाली. एका हातात यांगोनाची जुडी, दुसऱ्या हातात त्याच खोक्यातली नवी कोरी छत्री. शनिवारची लाँच तिला घेऊन परत गेली.

इलाइतियाच्या दाराबाहेर ती मांडी घालून बसली. ऊन कललं. आतून दालोचे कंद उकडल्याचा वास येत होता, भांडी वाजत होती. कुणी बाहेर येईना. शेवटी लितिया दारात आली आणि समुद्राकडे बघत उभी राहिली.

"बुला," मेरेसेइनी म्हणाली.

लितियानं ऐकल्याचं दाखवलं नाही.

"बुला, मावशी."

"काय हवंय?"

"इलाइतियादादांना भेटायचंय."

"आज नाही. जेवतायत. शनिवारी ये."

"मावशी, आज शनिवारच आहे."

"शनिवारी आम्ही परतीचा माल बघत नाही."

मेरेसेइनीनं मान वर केली. शब्द तिचेच. आवाजाची ठेवणसुद्धा तिचीच. या बाईनं तर दुकानाचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आत कुणीतरी हसलं, की खोकलं. काही कळेना. हे लोक तउवू, यांना चेष्टेचा हक्क. पण घरात मयत झालेलं, यांना रागाचाही हक्क. यातलं कुठलं ते बाहेर बसून ओळखायचं कसं? तिनं लितियाच्या चेहऱ्यावर खूप शोधलं. मग मान खाली घातली. पिंपाशी उभं राहून खाली बघणाऱ्या बाईला काय दिसत असेल, ते तिला तेव्हा दिसलं.

"ये आत," म्हातारा इलाइतिया म्हणाला.

त्यानं जुडी हातात घेतली, वजन बघितलं. "वुनिदाकुआचा कंजूसपणा," म्हणाला. मग जुडी समोर चटईवर ठेवली.

"ती घरी आली की आम्ही सगळे जमायचो," तो म्हणाला. "टोपली ठेवायची आणि कोपर टेकून उभी राहायची. अशी. 'आली का खारट पाण्यातली राणी!' तुझा आवाज काढायची. लितिया तर लोळायची हसून. मी म्हणायचो, अगं, उलट दे की तिला! तर म्हणायची, मला नाही देता येत, त्या शिव्या माझ्या नाहीत. तुमच्या घरच्या आहेत. मी नुसत्या पोचवते. दर शनिवारी साबण, दोरा आणि तुमच्या शिव्या."

मेरेसेइनीच्या तोंडातून हुंदका निघाला. सुटकेचा होता.

"थांब," म्हातारा म्हणाला. "त्या शेवटच्या शनिवारी भिजून आली. कोपर टेकलं नाही. आवाज काढला नाही. मी विचारलं, आज काय दिलं गं तुझ्या मेरेसेइनीनं? तर म्हणाली, शिव्या तुमच्या होत्या. छत्री माझी होती."



मेरेसेइनीनं नवी छत्री दोन्ही हातांनी पुढं केली. "ही आणलीय. तिच्यासाठी."

म्हाताऱ्यानं ती घेतली, कळ दाबली. पुन्हा दाबली. लितियाकडे दिली. लितियानं गुडघ्यात धरून जोर लावला. छत्री उघडली नाही.

मेरेसेइनीनं निघताना ती उघडून बघितलीच नव्हती. माफीलासुद्धा न बघता उचललेला माल.

पहिली लितिया हसली. मग मागची माणसं, मग म्हातारा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मेरेसेइनीला हसता येईना. हसून झाल्यावर म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि छत्री तिच्या मांडीवर ठेवली. "यांगोना राहू दे. ही ने. ही ती घेणार नाही. चांगली आण." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पाऊस लागायच्या आत आण. वर टेकडीवर आडोसा नाही तिला."

डोंगरवाटेनं चालत परतल्यावर सोमवारी मेरेसेइनी काउंटरच्या मागे गेली नाही. पुढून आली, पिंपाच्या टोकाशी उभी राहिली. पाय ओल्यात.

"आत ये, मेरे. गिऱ्हाइकं खोळंबलीत," ओधवजी म्हणाले.

"छत्री," ती म्हणाली. "उघडत नाही."

ओधवजी हसले. तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. सवयीनं त्यांचं बोट पाटीकडे गेलं आणि सवयीनं पाय आतल्या खोलीकडे वळले. "मी जरा जेवतो," ते म्हणाले.

तिनं खोकं ओढून काढलं आणि एकेक छत्री उघडून बघितली. कुणाची कळ गंजलेली, कुणाच्या काड्या चिकटलेल्या. एकही उघडेना. सगळ्या दुकानासमोर ती खोक्याच्या तळापर्यंत गेली. मग मान वर केली. त्या अख्ख्या मालातली उघडलेली एकच छत्री तिच्या डोक्यावर आकड्याला लटकत होती.

ती मिटत नव्हती, म्हणून शनिवारी लाँचमधून ती उघडीच नेली. लख्ख उन्हात, डोक्यावर न धरता, शेजारी धरून. शेजारी कुणी चालत असल्यासारखी. लोकांनी बाकावर तिच्यासाठी दोघींची जागा सोडली. टेकडीवर तिनं मूठ मातीत खोल रोवली, भोवती दगड रचले, थोडा वेळ बसली आणि उतरली.

लाँचवाल्यानं तिला परत सोडायला खास फेरी मारली, आणि लाँच सुटल्यावर तिनं मागे वळून बघितलं. वारा पडलेला होता, पाणी आरशासारखं. टेकडीवर छत्री उभी होती, मिटलेली. नीट, पट्टा गुंडाळून मिटावी तशी. लाँचवाल्यानंही बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

ओधवजी म्हणाले, स्प्रिंग. तोबालेवूचे लोक काहीच म्हणाले नाहीत, म्हणजे बरंच काही म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी दुकान झाडताना मेरेसेइनीचे ओठ हलत होते, पूर्वीसारखे. तिनं तोरिकासाठी एक वाक्य जुळवलं होतं. शिवी नव्हती. शनिवारी लाँच लागली, दुकान भरलं, सगळ्यांचं आटोपलं. ती पिंपाच्या टोकाकडे वळली. तळं नव्हतं. तिनं खाली वाकून फळीला हात लावला. फळी कोरडी होती, कधी भिजलीच नसावी इतकी कोरडी. त्या जागेवर पाद्रीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, निवांत, टोपली टेकवून.

"सुया आहेत का गं?"

मेरेसेइनीनं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या मागे बघितलं, दारापर्यंत. तिथं कुणीच उभं नव्हतं.

"संपल्यात," ती म्हणाली.